घरगुती कॉम्प्रेसरचे तेल : एक उपेक्षित प्रश्न

शेतकऱ्याच्या घरात ज्या नव्या यंत्रांनी बिनबोभाट प्रवेश केला आहे, त्यांत हवेच्या लहान कॉम्प्रेसरची गणना अवश्य करावी लागेल. पूर्वी टायरात हवा भरावयाची म्हणजे हातपंप अथवा हमरस्त्यावरील दुकान, एवढीच साधने होती. आता एक-दोन अश्वशक्तीची मोटर, तिच्या शेजारी पंप आणि खाली पंचवीस ते पन्नास लिटरांची टाकी, असे यंत्र अनेकांच्या ओसरीत किंवा शेडमध्ये दृष्टीस पडते. पॉवर टिलरच्या व हातगाडीच्या टायरात हवा भरावी, फवाऱ्याचे बुजलेले नोझल मोकळे करावे, ठिबकच्या गाळण्या झटकून काढाव्या, अवजारांस रंग मारावा, अशी किती तरी किरकोळ कामे ते करिते. यंत्र घेताना आपण मोटर पाहतो, टाकी ठोकून पाहतो, किमतीची घासाघीस करितो. परंतु त्याच्या पोटात कोणते तेल घालावे, हा प्रश्न मात्र यंत्र घरी आल्यावर हाताशी जो डबा असेल त्याच्यावर सोपविला जातो. हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, आणि त्याचा निकाल ज्याने त्याने एकट्याने लावण्यापेक्षा सहकाराने लावणेच सोयीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे येथे सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

बोरीवलीच्या परिसरातील आमच्या वाचकांपुरता हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. एकसर, शिंपोली, वझिरा, मागाठाणे ही एके काळची गावे शहराने केव्हाच आपल्या पोटात घातली. गोराई-मनोरीच्या बाजूची खाचरे, भाजीचे वाफे व नारळीच्या वाड्या, इकडे रोपवाटिका आणि घरोघरच्या परसबागा, एवढाच आपला संसार आता उरला आहे. ज्याचे क्षेत्र थोडे, त्याची यंत्रेही मोजकीच. आणि ज्याची यंत्रे मोजकी, त्याला त्यांतील एक बंद पडले तरी हात मोडल्यासारखे होते. नव्या पंपाचा खर्च चार महिन्यांच्या भाजीतून निघावयाचा असतो, हे ज्याने सोसले आहे त्याला निराळे सांगणे न लगे.

यंत्राविषयीची आपली वृत्ती काळानुसार कशी पालटली, हेही पाहण्यासारखे आहे. सन १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेण्यास धजत नसत, असे सांगतात. पुढे १९५८ साली त्याच घराण्याच्या नावाने पुण्यास कॉम्प्रेसर बनविणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी उभी राहिली, आणि आज तर यंत्राला भिणारा शेतकरी शोधूनही सापडणार नाही. भीती गेली हे उत्तमच झाले. परंतु भीतीच्या जागी जी आस्था यावयास हवी होती, ती पुरती आलेली नाही. बैलाला काय चारावे, कोणत्या ऋतूत काय टाळावे, हे आपले वाडवडील बिनचूक जाणत. यंत्रालाही खाणे लागते आणि ऋतुमानाप्रमाणे त्याचेही पथ्यपाणी असते, ही जाणीव आपल्यात अजून रुजावयाची आहे.

प्रथम हे तेल यंत्रात काय करिते ते पाहू. घरगुती कॉम्प्रेसरमध्ये एक, क्वचित दोन सिलिंडर असतात. पिस्टन खाली आला की बाहेरची हवा आत येते व वर गेला की ती दाबली जाऊन टाकीत जाते. पिस्टनच्या खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, थोडे तेल साठविलेले असते. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी बहुधा एक लहानशी पळी असते. ती प्रत्येक फेऱ्यास तेलात बुडून ते चहूकडे उडविते, आणि त्या शिंतोड्यांवरच बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांचे वंगण चालते. मोटारगाडीच्या इंजिनात असतो तसा तेल दाबाने खेळविणारा पंप येथे नसतो व तेल गाळणारा फिल्टरही नसतो. जे काही पेटीत पडेल ते पेटीतच राहते. पुढील सर्व विचार याच एका गोष्टीवर उभा आहे.

या तेलाला दोन शत्रूंशी झुंजावे लागते. पहिला शत्रू उष्णता. हवा दाबली की ती तापते, हा सायकलचा हातपंप चालविणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. तीस अंश सेल्सिअसची हवा एकाच टप्प्यात आठ बारपर्यंत, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत सुमारे ११६ पौंडांपर्यंत दाबली, आणि तिची उष्णता कोठेही बाहेर गेली नाही असे धरले, तर गणिताने ती २९० अंशांच्या पुढे जाते. सिलिंडरवरील पाकळ्या व पंख्याचा वारा यांमुळे प्रत्यक्षात ती इतकी तापत नाही, हे खरे. तरीही हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेजवळ तेलाची कसोटी लागण्याइतका ताप खात्रीने असतो. तेल हलके असेल अथवा भलत्याच कामासाठी बनविलेले असेल, तर ते तेथे करपते, झडपेवर काळा थर चढतो, झडप घट्ट बसेनाशी होते, दाबलेली हवा मागे परतते व पुन्हा दाबली जाऊन अधिकच तापते. टाकी भरण्यास पूर्वीपेक्षा दीडपट वेळ लागू लागला म्हणजे अनेकदा हाच रोग झालेला असतो. आणि आपण मात्र मोटरीला दोष देत बसतो.

दुसरा शत्रू पाणी, आणि आपल्या भागापुरते बोलावयाचे तर तोच अधिक घातकी. तीस अंशांवर दमटपणाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. आषाढ-श्रावणात आपल्याकडील हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या जवळपास असते. तिच्यात पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाणी आहे असे धरण्यास हरकत नाही. ही हवा आठ बारपर्यंत दाबली की तिचा आकार नवव्या हिश्श्यावर येतो. पुन्हा निवल्यावर तिच्यात मूळच्या एका घनमीटरामागे जेमतेम साडेतीन ग्रॅम पाणी राहू शकते. बाकीचे बावीस-एक ग्रॅम पाण्याचे थेंब होऊन खाली बसतात. पन्नास लिटरांची टाकी एकदा भरावयाची म्हणजे बाहेरची जवळजवळ चारशे लिटर हवा आत ओढावी लागते. तेव्हा एका भरण्यातच चहाचे दोन चमचे भरून पाणी टाकीत जमते. मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणारे यंत्र तासभर चालले, तर हे पाणी अर्धा पेला सहज होईल. हीच हवा एखाद्या कोरड्या मुलखात, वैशाखातल्या दुपारी दाबली, तर यातले फारच थोडे पाणी सुटेल. यंत्र तेच, तेल तेच. पण गोराईच्या खाडीकाठी त्याला जे सोसावे लागते ते घाटावर सोसावे लागत नाही.

यातील बहुतेक पाणी टाकीत जाते. परंतु पिस्टनच्या रिंगांमधून थोडी दमट हवा सदैव खाली क्रँककेसमध्ये झिरपत असते. यंत्र अर्धा-पाऊण तास सलग चालले तर पेटी तापून ही वाफ बाहेर पडते. घरगुती यंत्राचे काम मात्र बहुधा पाच-दहा मिनिटांचे असते. टायर भरला की ते बंद. पेटी कोमटही होत नाही, आणि आत आलेली वाफ तेथेच निवून तेलात मिसळते. म्हणजे थोडे चालणाऱ्या यंत्राच्या तेलाला जास्त चालणाऱ्या यंत्राच्या तेलापेक्षा पाण्याचा उपद्रव अधिक होतो. ‘आमचे यंत्र फारसे चालत नाही, तेव्हा कोणतेही तेल चालेल’ असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बहुतेकांच्या घरी ट्रॅक्टरचे, टिलरचे अथवा मोटरसायकलचे इंजिन ऑइल पडलेले असते, आणि तेच कॉम्प्रेसरमध्ये ओतले जाते. इंजिन ऑइल हे वाईट तेल नव्हे. आपल्या कामात ते उत्तमच आहे. पण ते काम निराळे. इंजिनात इंधन जळते, त्यापासून काजळी व आम्ले होतात. ती जागोजागी बसू नयेत म्हणून इंजिन ऑइलमध्ये मळ धुणारी व तो तेलात तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तरंगणारा मळ पुढे फिल्टरमध्ये अडकतो, आणि इंजिन चांगले तापत असल्यामुळे तेलातले पाणीही उडून जाते. कॉम्प्रेसरमध्ये काहीच जळत नाही, म्हणून काजळी नाही, फिल्टर नाही, आणि लहान यंत्रात पुरेसा तापही नाही. तेथे हीच द्रव्ये पाण्याला धरून ठेवतात. तेल आणि पाणी यांचे ताकासारखे पांढुरके मिश्रण होते, पळी तेच सर्वत्र उडविते, आणि बेअरिंगवर वंगणाऐवजी पाणीमिश्रित फेस जातो. खरे कॉम्प्रेसर ऑइल याच्या उलट गुणाचे असते. ते पाण्याला जवळ करीत नाही. यंत्र थांबले की पाणी व कचरा तळाशी बसू देते, म्हणजे तेल बदलताना तो सर्व गाळ खालच्या बुचातून निघून जातो. शिवाय ते तापाने सहसा करपू नये व फेसाळू नये, अशी त्याची घडण असते.

याची परीक्षा कोणासही घरी करता येईल. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्याव्या. एकीत कोरे इंजिन ऑइल व दुसरीत कोरे कॉम्प्रेसर ऑइल, चार-चार चमचे घालावे. दोहोंत तितकेच पाणी घालून बुचे लावावी व दोन्ही सारख्याच जोराने मिनिटभर हलवून कोनाड्यात ठेवाव्या. तासाभराने पाहिले असता एकीत पाणी खाली व तेल वर असे बरेचसे निराळे झालेले दिसेल. दुसरीत पांढुरके ताक पुष्कळ वेळ तसेच राहील. हजार शब्दांनी जे पटणार नाही ते या दोन बाटल्या पटवून देतील.

तेलाचा दाटपणा कोणता असावा, हा यानंतरचा प्रश्न. डब्यावर आयएसओ व्हीजी ६८, १०० किंवा १५० असा आकडा छापलेला असतो. चाळीस अंशांवर त्या तेलाचा दाटपणा सेंटिस्टोक या मापाने किती, हे तो आकडा सांगतो, आणि त्यात दहा टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे १०० च्या तेलाचे माप ९० ते ११० यांच्या दरम्यान असावयाचे. गाडीच्या तेलाची एसएई ही मोजणी निराळी. अदमासाने सांगावयाचे तर ६८ चे तेल एसएई २० च्या जवळ, १०० चे ३० च्या जवळ आणि १५० चे ४० च्या जवळ येते. आपल्याकडील हवामानात पट्ट्यावर चालणाऱ्या सर्वसाधारण लहान यंत्रास बहुधा १०० चे तेल मानवते. मोटरीस थेट जोडलेल्या, जलद फिरणाऱ्या छोट्या यंत्रांस काही कारखानदार ६८ चे सांगतात; जड, सतत तापणाऱ्या यंत्रांस १५० चे. अंतिम शब्द मात्र यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेचा. ती हरवली असल्यास यंत्रावरील पट्टीचा क्रमांक घेऊन विक्रेत्याकडून माहिती करून घ्यावी. पुस्तिकेत कारखानदाराने स्वतः एखादे इंजिन ऑइल चालेल असे लिहिले असेल, तर ते निःशंक वापरावे. यंत्र ज्याने घडविले त्याच्यापेक्षा अधिक जाणण्याचा आमचा दावा नाही.

२०डब्ल्यू-४० यांसारखी जोडआकड्यांची तेले पाहून पुष्कळांचा समज होतो, की दोन गुण एकात आले म्हणजे तेल अधिक चांगले. त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे सूचक आहे. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून गार असता पातळ राहणारे व तापले असता फार न विरणारे असे ते तेल असते, आणि हा गुण आणण्यासाठी त्यात जी द्रव्ये घालतात ती झडपेच्या तापात टिकत नाहीत. त्यांचा चिकट लेप बसण्याचा संभव असतो. बोरीवलीस थंडीतही पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. जी अडचण आपल्याला नाही तिच्यावरचे औषध विकत घेऊन त्याचे दुष्परिणाम मात्र सोसावे, यात शहाणपण कोणते?

सिंथेटिक कॉम्प्रेसर ऑइल महाग असते. पण ते कमी करपते व अधिक काळ टिकते. रोज तासन्‌तास यंत्र चालविणाऱ्याने त्याचा विचार करावा. आठवड्यातून दोन वेळा टायर भरणाऱ्यास त्याचा फारसा लाभ नाही. कारण आपल्याकडे तेल जुने होण्याआधी ओले होते, आणि ओले तेल, मग ते कितीही मोलाचे असो, बदलावेच लागते. हायड्रॉलिक तेल पाण्यापासून वेगळे होते, म्हणून अडीनडीला ते इंजिन ऑइलपेक्षा बरे; परंतु झडपेच्या तापासाठी ते बनविलेले नसल्यामुळे त्याची सवय लावू नये. शिलाईयंत्राचे तेल फार पातळ. टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठी असते. आणि खोबरेल, गोडेतेल यांसारखी खाद्यतेले तर मुळीच घालू नयेत. तापल्यावर त्यांचा डिंकासारखा चिकटा होतो, आणि तो खरवडण्यास सिलिंडर उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

येथे एक महत्त्वाचा इशारा देणे अवश्य आहे. बाजारात आता बिनतेलाचे कॉम्प्रेसरही मिळतात. त्यांच्या पिस्टनवर टेफ्लॉनसारख्या द्रव्याची रिंग असते व तिला वंगण लागत नाही. अशा यंत्रात ‘थोडे तेल घातल्याने बिघडते काय?’ असे म्हणून तेल सोडले, की धूळ चिकटून ती रिंग बिघडते. ओळख सोपी आहे. पंपाच्या तळपेटीवर तेल पाहण्याची गोल काच अगर तेल मोजण्याची कांडी असेल, तर यंत्र तेलाचे. दोन्ही नसतील, तर पुस्तिका पाहिल्यावाचून त्यात तेलाचा थेंबही घालू नये. मत्स्यपालनाच्या हौदात हवा सोडण्यास हीच बिनतेलाची यंत्रे योग्य. तेलाच्या यंत्रातील हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म तुषार थोडेबहुत जातातच. याच कारणास्तव रोपांच्या कोवळ्या पानांवर तेलाच्या यंत्राची हवा थेट मारू नये आणि ठिबकच्या गाळण्या झटकताना मध्ये तेल-पाणी गाळणारी वाटी बसवावी.

तेल किती व केव्हा बदलावे, हे आता थोडक्यात सांगतो. पातळी काचेवरील लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत असावी. कमी असेल तर पळी तेलापर्यंत पोहोचत नाही. जास्त असेल तर तेल हवेबरोबर टाकीत जाते. नवे यंत्र घासून बसत असताना धातूचे बारीक कण पडतात, म्हणून पहिले तेल पुस्तिकेत सांगितलेल्या थोड्या तासांनंतर अवश्य बदलावे. त्यापुढे तासांचा हिशेब घरी सहसा कोणी ठेवीत नाही. म्हणून आम्ही ऋतूंचा हिशेब सुचवितो. पावसाळा संपल्यावर खंडेनवमीस आपण अवजारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करितोच. त्याच दिवशी कॉम्प्रेसरमधील पावसाळी, ओले तेल काढून टाकावे व नवे भरावे. यंत्रावर झेंडूची माळ घालावी आणि आत ताकासारखे तेल राहू द्यावे, ही पूजा नव्हे. दुसरी बदली मृग लागण्यापूर्वी करावी. पावसाळ्याच्या ऐन भरात काचेतून तेल पांढुरके दिसले, तर तिथीची वाट न पाहता ते तत्काळ काढावे. तेल काढताना यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावे, मग ते बंद करून मोटरीची वायर प्लगातून काढावी व टाकीतील हवा सोडून द्यावी. आतापर्यंत इंजिन ऑइल घालीत आलेल्यांनी नवे तेल भरून थोडा वेळ चालवावे, तेही काढावे आणि मगच कायमचे भरावे. दोन जातींची तेले एकमेकांत मिसळू नयेत.

तेलाइतकेच टाकीतील पाण्याकडेही लक्ष असावे. टाकीच्या तळाचा कॉक दिवसाचे काम संपताच उघडून पाणी काढावे. पोलादाच्या टाकीला आतून गंज चढतो तो बाहेरून दिसत नाही, आणि पातळ झालेल्या पत्र्यामागे ११६ पौंडांचा दाब असतो. टाकी फुटली तर होणारी इजा पैशात मोजता येत नाही. घरात मुले-माणसे वावरतात, एवढी एकच गोष्ट या दोन मिनिटांच्या कामास पुरेशी सबब आहे.

पुराचेही भान ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उपनगरांतील सखल भाग जलमय झाले. दहिसर व पोयसर या आपल्या दोन्ही नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघून अल्प अंतरातच खाडीस मिळतात. डोंगरावर पाऊस कोसळला आणि खाडीस भरती असली, की पाणी घरात शिरण्यास वेळ लागत नाही. म्हणून यंत्र जमिनीवर न ठेवता दोन-अडीच फूट उंचीच्या भक्कम ओट्यावर बसवावे. पुराचे पाणी लागलेले यंत्र, मोटर तपासून व आतील तेल पूर्ण बदलून घेतल्याशिवाय, केवळ ‘चालते की नाही पाहू’ म्हणून सुरू करू नये.

येथवरचे सर्व वाचून व्यवहारी वाचक विचारील, की हे योग्य तेल आणावे कोठून? हीच खरी अडचण आहे, आणि आमच्या लिहिण्याचा रोखही तोच आहे. इंजिन ऑइल प्रत्येक पेट्रोलपंपावर व प्रत्येक गॅरेजात मिळते. कॉम्प्रेसर ऑइल मुख्यतः कारखान्यांसाठी विकले जाते, आणि ते वीस लिटरांच्या बादलीत अथवा २१० लिटरांच्या पिपात येते. लिटराची बाटली मिळत नाही असे नाही, पण ती धुंडाळावी लागते. घरगुती यंत्रात पाव ते अर्धा लिटर, फार तर थोडे अधिक तेल मावते. दोन बदल्यांस वर्षाला एक लिटर बहुधा पुरते. त्यासाठी वीस लिटरांची बादली कोण घेईल? तेव्हा शेतकरी इंजिन ऑइल घालतो ते आळसाने नव्हे, निरुपायाने घालतो. आणि त्यावर त्याला नुसता उपदेश करीत राहणे अन्यायाचे होईल.

जे एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी मिळून करावे, हेच तर सहकाराचे मूळ सूत्र. १९०४ साली या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, तो शेतकऱ्यास लहानसे कर्ज सावकाराच्या दारी न जाता मिळावे म्हणून. बियाणे व खते एकत्र आणून वाटण्याची प्रथाही त्याच विचारातून आली. मग जे तत्त्व गोणीभर खताला लागू, ते बादलीभर तेलाला का लागू नसावे? आमची सूचना अशी, की आपल्या संघाच्या भांडारात १०० च्या कॉम्प्रेसर ऑइलची एक मोहोरबंद बादली आणावी, आणि सभासदांच्या यंत्रांची यादी करून ज्यांस ६८ चे लागते त्यांच्यासाठी दुसरी आणावी. एका बादलीत अर्ध्या-अर्ध्या लिटराच्या चाळीस बाटल्या होतात; म्हणजे वीस घरांची वर्षाची बेगमी. बादली सभासदांदेखत फोडावी, बाटल्या कोरड्या व स्वच्छ असाव्या, प्रत्येकीवर तेलाची जात, आकडा व तारीख लिहावी. सुटे तेल म्हटले की भेसळीचा संशय येतो, तो या उघड व्यवहाराने फिटेल. बादली जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी व झाकण घट्ट असावे. दमट हवेत उघडे राहिलेले तेल बाटलीत पडण्याआधीच ओले होते.

भांडाराने दुसरेही एक काम पत्करावे. ते म्हणजे वापरलेले तेल परत घेणे. आज हे तेल कोठे जाते? कोणी ते कुंपणाच्या खांबांना फासतो, कोणी गटारात ओततो, आणि गटारातून ते दहिसर-पोयसरच्या पात्रात व पुढे खाडीत उतरते. ज्या खाडीकाठी आपली वाडी, तिच्याच पाण्यावर आपण हा तवंग चढवितो. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात केलेली आहे. आणि २०२३ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२४ पासून, तेलाचे उत्पादन व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलेली आहे. एकेका घरातील अर्ध्या लिटराकरिता कोणी अधिकृत पुनर्वापर करणारा येणार नाही. भांडारात भरलेला मोठा डबा असेल, तर त्याच्याशी बोलणे करता येईल. नव्या तेलाची बाटली नेताना जुन्या तेलाची बाटली परत आणावी, असा साधा दंडक घातला की दोन्ही कामे एकाच फेरीत होतील.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहो. कोणी म्हणेल, ‘आमचा कॉम्प्रेसर पाच वर्षे गाडीच्या तेलावरच चालला आहे.’ चालला असेल. वाळवी लागलेले आढेही पुष्कळ वर्षे छप्पर पेलून धरते. लहान यंत्र वर्षाकाठी थोडेच तास चालते, म्हणून नुकसान दिसण्यास वेळ लागतो, इतकाच त्याचा अर्थ. दुसरा म्हणेल, ‘मिस्त्री हेच घाला म्हणतो.’ मिस्त्री जे सहज मिळते ते सांगतो. भांडारात योग्य तेल मिळू लागले की तोही तेच सांगेल. तिसरा म्हणेल, ‘एवढ्याशा गोष्टीत संघाचे भांडवल का गुंतवावे?’ त्यास आमचे उत्तर असे, की दोन बादल्यांची किंमत ही वीस घरांतील वीस पंपांच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि ती विक्रीतून परत येणारी आहे. संघाचे महत्त्व केवळ कर्ज देण्याने व खत वाटण्याने टिकत नाही. सभासदाची जी गरज बाजार पुरवीत नाही ती ओळखण्याने ते वाढते.

तात्पर्य, तेलाचा हा प्रश्न पाव लिटराचा खरा. परंतु त्यात शेतकऱ्याचा पैसा, घरातल्या माणसांची सुरक्षितता आणि खाडीचे पाणी, अशी तीन मोलाची माणके गुंतलेली आहेत. येत्या खंडेनवमीपूर्वी संघाच्या भांडारात पहिली बादली यावी, आणि त्या दिवशी सभासदांसमोर वर सांगितलेली दोन बाटल्यांची परीक्षा करून दाखवावी, अशी आमची कार्यकारी मंडळास आग्रहाची विनंती आहे. ज्यांस ही सूचना मान्य असेल त्यांनी आपल्या यंत्राची बनावट, पुस्तिकेत सांगितलेला तेलाचा आकडा व त्यात मावणारे तेल, एवढी तीन माहितीची कलमे भांडारात आताच नोंदवावी. मागणी लेखी असली म्हणजे मंडळास नाही म्हणण्यास जागा राहत नाही, आणि आपणासही नुसते गाऱ्हाणे करीत बसण्यास राहत नाही.